तळघरातली ओल आणि लहान्याचा खोकला : अमळनेर तालुक्यातल्या एका घराची केस

घर अमळनेर तालुक्यातलं आहे, गावाचं नाव मुद्दाम देत नाही आणि घरच्यांचंही देत नाही. माणसं सहा : तात्या, मोठीमाय, त्यांचा मुलगा, सून आणि दोन पोरं, मोठी पोरगी आठवीला अन लहाना दुसरीला. मी सिव्हिलवाला, जुन्या घरांच्या रिपेअरिंगची कामं घेतो. डॉक्टर नाही, त्यामुळे खाली तब्येतीचं जे येईल ते त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं किंवा जे सगळीकडे मान्य आहे तेवढंच.

मला बोलावलं होतं भिंतीसाठी. मधल्या खोलीत दिवाणामागची भिंत फुगली होती, पेंटचे पोपडे हाताने निघत होते, खाली पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, झडून फरशीवर पडलेला, वहिनी, म्हणजे घरची सून, रोज झाडायच्या आणि रोज परत तेवढाच. ह्याच भिंतीला दोन वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, त्यावर ओल थांबवणारा म्हणून महागाचा पेंट, सगळं करून झालेलं होतं. पहिला पावसाळा कसाबसा गेला, दुसऱ्याला ओल आधीपेक्षा दोन फूट वर. मोजमाप घेता घेता वहिनी सहज बोलल्या की भाऊ, पेंटचं जाऊ द्या, ह्या लहान्याचा खोकला काही जात नाही, रात्री दोन-तीन वाजले की उठून बसतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पोरगा कुठे झोपतो विचारलं, तर ह्याच दिवाणावर.

घर अर्धं जुनं अर्धं नवं. पूर्वी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं, वरचं धाबं उतरवून स्लॅब टाकला, पण खालच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या, त्या तशाच ठेवल्या. मधल्या खोलीखाली तळघर, साधारण बारा बाय दहा, वर सागाच्या तुळया आणि त्यावर फरशी. उतरायला दिवाणाच्या शेजारीच फळ्यांचं झाकण. झाकण उचललं तसा कुबट वास तोंडावर आला, जुन्या गोधड्या, शेंगांची टरफलं आणि ओली माती एकत्र केल्यावर येईल तसा. खाली टॉर्च मारला तर गल्लीच्या बाजूची भिंत खालून छातीपर्यंत काळी-हिरवी, आणि कोपऱ्यातल्या लाकडी मांडणीवर बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) डबा होता त्याच्या झाकणाला सुद्धा पांढरी लव. एका तुळईचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, बोटाच्या एका पेराएवढा आरामात आत गेला. म्हणजे नुसत्या खोकल्याचा विषय नव्हता, वरची फरशी पण धोक्यातच होती.

आत काय काय होतं ते सांगतो, कारण ह्या केसमध्ये ते महत्त्वाचं आहे. निम्म्या तळघरात कापूस, भाव नाही म्हणून गेल्या हंगामाचा थांबवून ठेवलेला. आपल्याकडे अर्ध्या गावाच्या घरात असाच पडून असतो आणि अंगाला खाज सुटली की सगळे म्हणतात कापसाची आहे, चालायचंच. त्यात हा कापूस ओल पिऊन बसलेला. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेते तेव्हा ८ ते १२ टक्के ओलावा बघते, त्यापेक्षा जास्त असला की परत पाठवते, म्हणजे तळघरात ठेवून तात्यांचं दोन्हीकडून नुकसान. बाकी निम्म्यात ज्वारीची पोती, शेंगांची दोन पोती, लग्नातल्या गाद्या, पितळी भांडी आणि जिथे तिथे पुठ्ठ्याचे खोके. कागद, पुठ्ठा, कापूस, लाकूड, ह्यावर बुरशी सगळ्यात आनंदाने वाढते. तिला खायला कमी नव्हतं, पाणी कुठून येतं एवढंच शोधायचं होतं.

तात्या म्हणाले, भाऊ तू फक्त बुरशीवर मारायचं काही औषध सांग, फवारणी करून टाकू. शेतकरी माणूस, रोग दिसला की फवारा, सवयच ती. पण भिंतीची बुरशी कपाशीवरच्या रोगासारखी धरली की फसायला होतं. बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात, तुमच्या-माझ्या घरात आत्ता आहेत, ते कोणी संपवू शकत नाही. भिंत किंवा सामान दमट राहिलं, पृष्ठभागापाशी आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास बरेच दिवस टिकली, की ते रुजतात. पाणी बंद केलं की वाढ बंद. पाणी चालू ठेवून काहीही मारा, पुढच्या श्रावणात परत हजर. दोन वर्षांपूर्वीच्या पेंटचं हेच झालं होतं, म्हणजे पैसे खाऊन ओल उलट वर चढली, कारण दगड-मातीची जुनी भिंत ओलावा शोषते आणि हळूहळू बाहेर सोडतेही, तिला सिमेंट-पुट्टी-पेंटचा रेनकोट घातला की आतलं पाणी बाहेर पडायला जागाच उरत नाही, मग ते जिथे उघडं सापडेल तिथपर्यंत वर सरकतं. हे मी किती घरांत सांगितलंय, आणि तरी दर दसऱ्याला कोणीतरी आधी पेंटरलाच बोलावतं.

तर पाणी कुठून, ह्याचा शोध. पहिली टेस्ट अगदी फुकटातली. प्लास्टिकच्या जाड पिशवीचा वीतभर तुकडा कापून भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, दिसले तर ओल भिंतीतून येतेय, आणि थेंब समोरून असले तर ती खोलीतल्या हवेतली आहे. आम्ही तळघराच्या तीन भिंतींवर लावले. गल्लीकडच्या आणि मोरीकडच्या तुकड्यामागे पाणी, तिसऱ्या भिंतीवर मागे काहीच नाही तरी वर बुरशीचे ठिपके. म्हणजे दोन भिंतींतून पाणी येत होतं आणि तिसरी नुसत्या कोंदट हवेने खराब झाली होती. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, काही शे रुपयांत, ते खाली ठेवलं तर ऑगस्टमध्ये ८८ टक्के दाखवत होतं.

गल्लीकडच्या भिंतीचं कारण बाहेर जाऊन उभं राहिलं की दिसतं, फक्त कोणी उभं राहत नाही. मोठीमाय सांगत होत्या की लग्न होऊन आल्या तेव्हा ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आता एकच, ती पण अर्धी. गल्लीत एकदा मुरूम, मग डांबर, मग काँक्रीट, मग त्यावर पेव्हर ब्लॉक, दर वेळी जुन्यावर नवा थर, आणि घर बिचारं आहे तिथेच. रस्ता वर, घर खाली. ब्लॉकचा उतारही घराकडे, त्यामुळे पावसाचं पाणी गटारात जायच्या आधी ह्यांच्या जोत्यापाशी थांबून जिरतं. खाली आपली काळी माती, ती पाणी पिते पण सोडायला आठवडे लावते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट पायापर्यंत. वर कहर म्हणजे तळघराला गल्लीच्या बाजूने दोन झरोके होते, जुन्या मिस्त्रीने विचार करून ठेवलेले, ते ब्लॉक बसवताना सिमेंटने बुजवून टाकले. उंदीर येतात म्हणून घरच्यांनीच सांगितलं होतं म्हणे.

मोरीचं कळायला वेळ लागला. नळाचा पाइप ठीक होता, रात्रभर टाकीत येणारं पाणी आणि घरातले सगळे नळ बंद ठेवून टाकीची लेव्हल बघितली, हलली नाही. मग सांडपाण्याच्या लाइनचा संशय. रांगोळीचा गुलाबी रंग बादलीत कालवून मोरीत ओतला, वरून अजून दोन बादल्या पाणी. संध्याकाळपर्यंत काही नाही, तात्या हसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी लहाना पोऱ्याच ओरडत आला, खाली भिंत गुलाबी झाली! कोपऱ्यात दगडाच्या सांध्यातून एक बारीक गुलाबी ओघळ उतरला होता. नहाणी ट्रॅप, म्हणजे मोरीतलं पाणी जिथून खाली उतरतं तो भाग, आणि पाइप ह्यांचा जोड सुटलेला, म्हणजे घरातल्या सहा माणसांच्या अंघोळीचं थोडं थोडं पाणी रोज, बाराही महिने, भिंतीत.

आता खालची हवा वरच्या पोराच्या छातीपर्यंत कशी जाते हा प्रश्न. तात्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की झाकण तर कायम बंद असतं. मी एक अगरबत्ती पेटवून झाकणाच्या फटीपाशी धरली, धूर सरळ वर. मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करायला सांगितलं आणि खिडक्या लावून घेतल्या, तर झाकणाच्या फटीतून येणाऱ्या हवेने धूर चक्क दिवाणाच्या दिशेने ढकलला गेला. फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, ती सोप्या वाटेने तळघरातून येत होती. म्हणजे रोज संध्याकाळी भाकरी थापताना फॅन लावला की तळघराची हवा त्या दिवाणावर.

तब्येतीची बाजू. लहान्याला खोकला सव्वा-दीड वर्षापासून. गावातल्या दवाखान्यात सिरप, अँटिबायोटिक, परत सिरप. मध्ये तात्यांनाही खोकला लागला, दोन आठवड्यांच्या वर गेला म्हणून थुंकी तपासली, एक्सरे काढला, टीबी नाही निघाला. हे त्यांनी बरोबर केलं, दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की आधी टीबी तपासायचाच, घरात ओल आहे म्हणून खोकला ओलीचाच असं धरून बसायचं नाही. वहिनींना सकाळी उठल्या उठल्या शिंका, नाक चोंदलेलं. मोठ्या पोरीला काहीच नाही, त्याच घरात, तेच जेवण. मोठीमाय ह्याच मुद्द्यावर अडून बसायच्या, "आम्हनं सारं आयुष्य याच घरमां गयं, कोनले काय व्हयनं?" प्रश्न चुकीचा नाही. पण अ‍ॅलर्जीचा स्वभाव प्रत्येकाचा वेगळा असतो, एकाच हवेत एकाची छाती भरते आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. आणि मोठीमायचं आयुष्य गेलं ते उघड्या झरोक्यांच्या, बिनसिमेंटच्या, तीन पायऱ्यांच्या घरात गेलं, आत्ताच्या घरात नाही.

शेवटी लहान्याला जळगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दम्याचं निदान केलं आणि दोन प्रश्न विचारले जे आधी कोणी विचारले नव्हते. एक, घर सोडून बाहेरगावी गेला की खोकला कमी होतो का? होत होता. दिवाळीत मामाकडे शिरपूरला गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शांत झोपायचा, परत आला की पुन्हा सुरू, आणि घरचे म्हणायचे मामाकडे लाड होतात म्हणून. दोन, घरात ओल आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी ह्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हेच आहे की दमट, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वासाच्या तक्रारी, श्वसनाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त. आणि हवेत किती बुरशी चालेल असा आकडा त्यांनीही दिलेला नाही, ओल आणि बुरशी होऊच देऊ नका आणि दिसली तर काढा, एवढंच. म्हणून भिंतीचं सँपल लॅबला पाठवायचं का असं तात्यांच्या मुलाने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं, नाव काहीही निघालं तरी काम तेच करायचं होतं.

डॉक्टरांनी इनहेलर दिला आणि घरात भांडण लागलं. पंपाची सवय लागते, एकदा लागला की सुटत नाही, ही आपल्याकडची ठाम समजूत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून डोस उलट फार कमी लागतो, सिरपपेक्षा ते बरं. तरी मोठीमाय पाहुण्यांसमोर पंप लपवून ठेवायच्या, ते वेगळं.

दुसरी भीती २०२१ ची होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गल्लीतल्या एकाचा म्युकरमध्ये, म्हणजे लोक काळी बुरशी म्हणायचे त्या आजारात, डोळा गेला होता आणि मोठीमायला शुगर, त्यामुळे तळघरातला काळा रंग बघून वहिनींना तेच डोळ्यासमोर. भिंतीवर जी काळी दिसते ती बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची बुरशी असते, आणि नुसत्या रंगावरून जात ओळखू येत नाही. म्युकर झाला तो मुख्यतः ताब्यात नसलेली शुगर, स्टिरॉइड आणि कोरोनाने खचलेलं शरीर हे एकत्र आलं म्हणून. पण शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसाने बुरशी झाडायला खाली उतरू नये, हे मात्र मी स्पष्ट सांगितलं, कारण त्या एकदा खराटा घेऊन उतरल्याच होत्या.

आता शेंगांची पोती, ह्यावर जरा थांबतो, कारण घरच्यांना ह्यात काहीच वाटत नव्हतं. दोन पोत्यांपैकी एकाच्या तळाशी शेंगा पिवळट-हिरव्या बुरशीने एकमेकींना चिकटलेल्या. वहिनी म्हणाल्या निवडून, उन्हात घालून, भाजून घेऊ. तात्या म्हणाले "म्हैसले घाली देसूत." दोन्ही चूक. शेंगदाणे, मका अशा मालावर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते लिव्हरवर जातं, आणि भाजून-शिजवून ते पुरतं जात नाही. आपल्या शेजारीच, १९७४ मध्ये गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा भागात बुरशी लागलेला मका खाऊन काविळीची साथ आली होती, शंभरावर माणसं गेली. आणि म्हशीला घातलं तर ते दुधात उतरतं, म्हणजे फिरून त्याच पोराच्या कपात. दोन्ही पोती खड्डा करून पुरली. तात्यांचा चेहरा बघवत नव्हता, घरच्या शेतातल्या शेंगा होत्या. ज्वारी वरच्या थराची कोरडी निघाली, ती पत्र्याच्या कोठीत भरून वरच्या मजल्यावर, खाली विटांवर फळी टाकून.

काम दिवाळीनंतर धरलं. खान्देशात ऑक्टोबर ते मे हवा इतकी कोरडी असते की भिंत वाळवायला वेगळं मशीन लागत नाही, ही देणगी कोकणातल्या माणसाला विचारा. मधल्या काळात कापूस विकून टाकला, जो भाव आला त्या भावात, आणि पोराचं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं. फोडाफोडीच्या दिवसांत लहाना, मोठीमाय आणि वहिनी शिरपूरला. झाकणाला आणि मधल्या खोलीच्या दाराला प्लास्टिक चिकटवलं, एक झरोका फोडून त्यात बाहेर हवा फेकणारा फॅन लावला. मजुरांना एन ९५ मास्क, चष्मे, हातमोजे. ते पहिल्या दिवशी हसले, गिलावा पडायला लागल्यावर कोणी काढले नाहीत. भिंत आधी पाण्याचा फवारा मारून ओली केली आणि मग खरवडली, कारण कोरडी घासली की सगळे कण हवेत. साबणाच्या पाण्याने दगड धुतले. ब्लीच वापरलं नाही. दगड-मातीच्या भिंतीत ते वरवर रंग उडवतं, आत पोचत नाही, आणि मेलेली बुरशी भिंतीवर राहिली तरी अ‍ॅलर्जी करतेच, ती काढावीच लागते. शिवाय ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड कोणी एकत्र केलं तर क्लोरीन वायू तयार होतो, बंद तळघरात तर जीवावरच.

गाद्या आणि पुठ्ठे टाकून दिले. गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. भांडी साध्या साबणाने. मोरीची फरशी उखडून पाइप आणि ट्रॅप नवा. बाहेर ओट्यालगतचे ब्लॉक उचलून, उतार उलटा करून, जोत्याच्या कडेने गटारापर्यंत छोटी नाली काढली. ब्लॉकला हात लावायला परवानगी काढण्यातच खरं तर सगळ्यात जास्त दिवस गेले. झरोके वर उचलून रस्त्याच्या पातळीच्या वीतभर वर काढले, जाळी आणि झडप लावून. सडकं टोक असलेल्या तुळईखाली लोखंडी खांब दिला. भिंतींना होळीपर्यंत तसंच उघडं ठेवलं, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी. चुना ओलावा आत-बाहेर सोडतो आणि त्याचा अल्कली गुण बुरशीला आवडत नाही. एवढं सगळं धरून खर्च आधीच्या पुट्टी-पेंटपेक्षा जास्त झालाच, जवळजवळ दुप्पट.

झडपांचा नियम घरच्यांना उलटा वाटला. पावसाळ्यात हवा खेळती राहावी म्हणून उघड्या ठेवायच्या असं सगळे समजतात. पण झडीच्या दिवसांत बाहेरची हवा पाण्याने भरलेली असते, ती थंड तळघरात आली की तिची आर्द्रता अजून वाढते. म्हणून झड लागली की बंद, ऊन पडून कोरडं झालं की उघड्या, आणि ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत सताड. उन्हाळ्यात कूलरचा झोत झाकणाकडे येतो तो मात्र वळवायला लावला, वाळ्याच्या जाळीतून आलेली दमट हवा दिवसरात्र तळघरात भरत होती.

पुढच्या ऑगस्टमध्ये मीटर ७० च्या आसपास. साठच्या खाली ठेवावं असं सांगतात, आपल्या पावसाळ्यात मशीनशिवाय ते जमत नाही, आणि रिकाम्या तळघरासाठी मशीन घ्यायची गरजही वाटली नाही. रिकामं ठेवायचं ह्यावर मी अडून बसलो होतो, माझं तर मत होतं मुरूम भरून बंदच करा. तात्या म्हणाले बापाचं तळघर मी बुजवणार नाही, आणि मी पुढे बोललो नाही.

लहान्याचं नेब्युलायझरला (औषधाची वाफ देणाऱ्या मशीनला) दवाखान्यात पळणं त्या पावसाळ्यात झालं नाही, डॉक्टरांनी डोस एक पायरी कमी केला. पंप बंद झालेला नाही, थंडीत लागतोच. वहिनींच्या शिंका होत्या तशाच आहेत, त्यांच्या डॉक्टरांना गाजरगवताचा संशय आहे. आणि आम्ही एकाच वेळी कापूस हलवला, अंथरूण हलवलं, गाद्या टाकल्या, बुरशी काढली, पंपही त्याच काळात सुरू झाला, त्यामुळे नेमका गुण कशाने आला हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. धुळीतले बारीक किडे असतात ना, अ‍ॅलर्जी करणारे, त्यांनाही दमटपणाच लागतो, कदाचित खरा त्रास त्यांचाच असेल. ओल गेली की दोघांचंही बस्तान उठतं, म्हणून इथे फार फोड करत बसलो नाही.

सध्या गल्लीत नव्याने काँक्रीट टाकायचं चाललंय. जुना थर खरवडून मगच नवा टाका, आणि उतार मधल्या गटाराकडे द्या, असा अर्ज तात्यांनी गल्लीतल्या इतर घरांच्या सह्या घेऊन दिलाय. सह्या करणाऱ्यांपैकी तिघांच्या घरात तळघर नाही, ओल मात्र सगळ्यांच्या भिंतीला आहे.